दादाच्या अक्षराचा माल

पोटात नकार घेऊन बहिणीकडे निघालेल्या माणसाच्या हातातला खाऊचा पुडा नेहमीपेक्षा जरा मोठाच असतो. टापटीपच्या हातात तर दोन पुडे होते. शिवाय भाचीसाठी, चिमीसाठी, नवा फ्रॉक होता आणि बायकोने आपल्या कपाटातून काढून दिलेली, एकदाही न पांघरलेली शाल बहिणीसाठी होती. बसमध्ये खिडकीशी बसून तो मनातल्या मनात वाक्य घोळवत होता. "बारके, चिमीला आणायला आमची ना नाही, पण..." इथपर्यंत झकास जमायचं. 'पण'च्या पुढे मात्र गाडी हटून बसायची.

बारकी ही त्याची धाकटी बहीण. सगळ्यांत शेवटची म्हणून बारकी, आणि पुढे चांगली बाई झाली, आई झाली, तरी बारकीच. उभ्या जन्मात तिने भावाकडे कधी काही मागितलं नव्हतं. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "दादा, चिमीचा खोकला काही हटत नाही रे. डॉक्टर म्हणतात, हवा बदला. तुझ्याकडे ठेवतोस का थोडे महिने? तिकडच्याच शाळेत घाल. पोरगी त्रास द्यायची नाही. खायलाही फार लागत नाही तिला." टापटीप म्हणाला, "बघतो. हिला विचारतो."

ही म्हणजे बायको. तिने भाजी चिरता चिरता विचार केला आणि म्हणाली, "दोन खोल्यांचं आपलं घर. त्यात खोकणारी पोर. उद्या काही कमीजास्त झालं तर तुमच्या बहिणीला तोंड कुणी दाखवायचं?" बायको काही वाईट नव्हती. टापटीपच्या मनात जे होतं तेच तिने तोंडाने बोलून दाखवलं. त्याची सोय अशी झाली की आता ते मत बायकोचं ठरलं आणि त्या बिचाऱ्याला नुसतं निरोप्याचं काम उरलं.

टापटीप हे नाव त्याला कचेरीने दिलं होतं, अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे साहेबच म्हणायचे. एका विमा कंपनीच्या मोठ्या कचेरीत तो भांडार सांभाळायचा. कागद, शाई, पंखे, खुर्च्या आणि कॉम्प्युटर. जमिनीवर टाचणी दिसली तरी त्याचा जीव वरखाली व्हायचा. वस्तू जिथल्या तिथे असली पाहिजे, आणि जिची गरज संपली ती नजरेआड झाली पाहिजे, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान होतं, आणि त्यावर त्याचं आयुष्य मोठं सुखात चाललं होतं.

कॉम्प्युटर सगळे एका साच्यातले. त्यांच्यावरचे नंबरांचे कागद उष्णतेने सुटून पडायचे आणि मग "तो खिडकीजवळचा बंद पडलाय" अशी तक्रार आली की मेकॅनिक भलताच डबा उघडून बसायचा. शेवटी टापटीपने बायकोची लाल नेलपॉलिशची बाटली कचेरीत नेली आणि प्रत्येकाच्या पाठीवर आपल्या गोल, टपोऱ्या अक्षरात एकेक नाव लिहून टाकलं. ज्याचा पंखा कण्हायचा ती रडूबाई. जो सकाळी सुरू व्हायला चहा येईपर्यंत वेळ घ्यायचा तो झोपाळू. कागद गिळणारा प्रिंटर खादाड. आणि आवाज प्रचंड पण काम शून्य, असा जो एक होता, त्याचं नाव मोठे साहेब. खऱ्या मोठ्या साहेबांना याचा पत्ता नव्हता. कचेरी मात्र खूश होती. "रडूबाई आज मुकाट आहे बरं का," असं कुणी म्हटलं की टापटीप अंगभर सुखावायचा.

दारातच त्याने एक खोकंही ठेवलं होतं. जुन्या बॅटऱ्या, चार्जर, तुटके फोन त्यात टाकायचे, कचऱ्यात नाही. नवीन माणूस कामाला लागला की टापटीप चहाच्या वेळी त्याला गाठून यावर छोटंसं भाषण द्यायचा. या वस्तूंत काय काय विष असतं, ते मातीत कसं उतरतं, पाण्यात कसं जातं, सगळं त्याला तोंडपाठ. जुने लोक तेवढ्यात घड्याळाकडे बघत आपापल्या जागी सटकायचे.

वरून हुकूम आला की मशीनं बदलायची. त्यातली बरीचशी धडधाकट असायची, पण नवीन आली म्हणजे जुनी जुनी झाली. ती न्यायला जाकीटवाला यायचा. भर उन्हाळ्यातही अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट घालणारा हा माणूस बोलायला लोण्यासारखा. "साहेब, काळजी सोडा. आमच्याकडे सगळं मशीनमध्ये जातं. इकडून कॉम्प्युटर आत, तिकडून तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं. धूर नाही, धूळ नाही."

"एकदा बघायला आलं पाहिजे," टापटीप म्हणायचा.

"कधीही या की. आपलंच आहे!"

ते 'कधीही' कधीच उजाडलं नाही. ट्रक गेला की टापटीप भांडार झाडून घ्यायचा आणि दारात उभा राहून त्या मोकळ्या, स्वच्छ फरशीकडे बघत बसायचा. पोटभर जेवल्यासारखं वाटायचं त्याला. अशा माणसाने उठून कुठल्यातरी कारखान्याच्या चौकशीला जायचं म्हणजे बसल्या जागी डोक्याला ताप.

मग मेहुण्याची, बारकीच्या नवऱ्याची, गिरणी बंद पडली. तो घरी बसला. टापटीपने जाकीटवाल्याच्या कानावर घातलं, आणि त्या देवमाणसाने लगेच काम दिलं. "घरबसल्या काम आहे, साहेब. सुटे भाग वेगळे करायचे. बायकापोरांनाही हातभार लावता येतो." सगळं जर मशीनमध्ये जातं, तर मग घरबसल्या कोण काय वेगळं करतं, हा प्रश्न टापटीपच्या मनाशी आला होता. आला, दारावर टकटक केली, कुणी उघडेना म्हणून परत गेला. नातेवाइकांत मात्र टापटीप सांगत सुटला की मेहुण्याला मीच चिकटवून दिला. तेव्हापासून बारकीचं घर त्या कामाच्या वस्तीत हललं होतं, आणि टापटीपला तिकडे जायला आज पहिल्यांदा सवड मिळाली होती.

बसमधून उतरल्यावर आधी वास आला. सुरुवातीला जरा गोडसर, मग घशाला धरणारा. गल्लीच्या दोन्ही बाजूंना घरांपुढे ढीग होते. टीव्हींच्या पाठी, फुटके पडदे, तारांची भेंडोळी. कीबोर्डची बटणं वाटभर सांडलेली, पायाखाली कुरकुरत होती. गटाराच्या पाण्यावर तेलकट रंग तरंगत होते. एक माणूस पत्र्याच्या पिंपात तारा जाळत बसला होता, आणि त्याचा काळा धूर सरळ वर न जाता घराघरांत शिरत होता. टापटीपने नाकाला रुमाल लावला. दारातल्या बायका बघताहेत असं दिसल्यावर घाम पुसल्याचं निमित्त करून त्याने रुमाल खिशात घातला. बूट जपत, टाचा उचलून तो चालत राहिला. बारकीचं घर काही या गल्लीत नसणार, असं तो स्वतःला सांगत होता, आणि तेवढ्यात समोरच्याच दारातून हाक आली.

"दादा!"

बारकी धावत आली आणि दोन पावलांवर थबकली. हात आधी कपड्यांना पुसले, मग त्याच्या हातातले पुडे घेतले. ती वाळली होती. बोटांची टोकं काळपट तपकिरी झाली होती आणि नखांच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसत होत्या. घरात एकच खुर्ची होती, ती तिने दोनदा पुसली. "बस ना. हे काढलेलं तांबं पोचवायला गेलेत, येतीलच. चहा टाकते. पाणी चांगलं आहे हं, लांबून आणतो आम्ही. इथल्या पंपाचं पाणी आता तोंडात धरवत नाही." हे तिने इतक्या सहज सांगितलं की जणू आज ऊन जरा जास्त आहे.

आतल्या दाराशी चिमी येऊन उभी राहिली. "मामा" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि आधी खोकलाच बाहेर आला. लेकराचा खोकला नव्हता तो. कोरडा, खालून ओढून काढल्यासारखा. तो संपेपर्यंत ती चौकटीला धरून उभी राहिली, मग डोळे पुसून, काही झालंच नाही अशा थाटात म्हणाली, "मामा, दोन पुड्यांत वेगवेगळा खाऊ आहे की एकच?"

"वेगवेगळा," टापटीप म्हणाला. त्याने ठरवलं, आता उशीर नको, चहा यायच्या आत बोलून मोकळं व्हावं. "बारके, चिमीला आणायला आमची ना नाही, पण..."

"थांब," बारकी चहाचा कप त्याच्या हातात देत म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर लहानपणी काहीतरी लपवून ठेवलेलं दाखवताना यायचं तसं हसू होतं. "आधी तुला एक गंमत दाखवते. मग बोल."

आतली खोली अगदी एवढीशी. तिची एकुलती एक खिडकी पुठ्ठा ठोकून बंद केलेली. एका बाजूला चिमीची गादी, उशाशी दप्तर. दुसऱ्या बाजूला भिंतीलगत कॉम्प्युटर आणि प्रिंटर नीट ओळीने मांडून ठेवलेले, पाठी दाराकडे करून. रडूबाई. झोपाळू. खादाड. मोठे साहेब. लाल, गोल, टपोरं अक्षर. ओळीच्या पुढ्यात एक छोटी शेगडी, तिच्यावर जुना तवा, तव्यावर कॉम्प्युटरच्या पोटातली हिरवी पाटी आणि बाजूला चिमटा.

आता हे सांगायला लाज वाटते, पण टापटीपला क्षणभर चक्क आनंद झाला. ओळखीची माणसं परगावी भेटावीत तसा. "अरे, रडूबाई!" असं त्याच्या तोंडून निघूनही गेलं. त्या क्षणभराच्या आनंदाची लाज त्याला पुढे जन्मभर पुरणार होती.

चिमी टाळ्या वाजवत पुढे झाली. "मामा, मोठे साहेब ना, उघडतच नव्हते! किती स्क्रू! आणि आतून काय निघालं माहितीय? नुसती धूळ!" तिला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि ती गादीवर बसली.

"पहिल्यांदा ट्रकमधून ही रडूबाई उतरली ना, तेव्हा मी रस्त्यातच रडायला लागले," बारकी म्हणाली. "तुझा तो र, दादा. शेपटी वर वळवलेला. शाळेत माझ्या पाटीवर कित्ता घालून द्यायचास तोच. मी यांना म्हटलं, हा आमच्या दादाचा माल, हा बाहेर टाकायचा नाही. तू येत नव्हतास, पण तुझं अक्षर यायचं."

टापटीपला वाटलं, गोष्ट इथेच संपली तर बरं. पण तोंडातून प्रश्न गेला. "पण हे असं आत का ठेवलंय? हिच्या गादीशी?"

"चिमीसाठीच तर! बाहेरच्या मालाला मी हिला बोट लावू देत नाही. कुठून आलेला असतो, त्यात काय भरलेलं असतं, देव जाणे. शेजारपाजारची पोरं त्यातच बसतात, खोकतात, अंगावर चट्टे येतात. मी म्हटलं, आपली पोर तिथे नको. हिचे हात बारीक आहेत, पाट्या तापवून चिमट्याने पार्ट काढायचं काम हिला छान जमतं. म्हणून हिला वेगळं दिलं. बाहेरचा धूर नको म्हणून खिडकीपण बंद केली. आत फक्त तुझ्या अक्षराचं."

"माझ्या अक्षराचं म्हणजे?"

"म्हणजे तू तपासलेलं, दुसरं काय!" बारकीला त्याच्या अडाणीपणाची गंमत वाटली. "मला काय ठाऊक नाही तुझं? लहानपणी वास घेतल्याशिवाय दूध द्यायचा नाहीस मला. फळ कापलं की आधी आत अळी आहे का बघायचास, मग माझ्या हातावर ठेवायचास. आई म्हणायची, हिला आई कशाला हवी, दादा आहे की. तू ज्याला नाव दिलंस ते हातात घेऊन, उलटसुलट करून बघितलंच असणार. न बघता तू कशाला नाव देशील? विषारी असतं तर तू ते कचेरीच्या बाहेरच पडू दिलं नसतंस."

टापटीपने कप जमिनीवर ठेवला. त्याला खाली बघायचं होतं, पण खाली शेगडी होती. समोर बघावं तर चिमी. बाजूला बघावं तर त्याचंच अक्षर, जिकडे तिकडे, ठळक, सुबक, एकही मात्रा न चुकलेलं. नवीन माणसांना गाठून तो जे भाषण देत होता, शिसं आणि काय काय, त्यातला शब्द न् शब्द आता त्याच्या कानात वाजायला लागला. बंद खिडकीची एवढीशी खोली, त्यात तापलेला तवा आणि त्यावर वाकलेली पोर. जीव जाईल तर बरं, असं त्याला वाटलं, पण असं नुसतं वाटून कुणाचा जीव जात नाही.

तो उठून खिडकीचा पुठ्ठा ओढायला लागला. पुठ्ठा सुटला आणि पिंपातला काळा धूर भसकन आत आला. चिमी पुन्हा खोकायला लागली. त्याने घाईघाईने पुठ्ठा परत लावला.

आणि मग टापटीपने ते केलं जे तो आयुष्यभर करत आला होता. पटकन आवरून टाकायला निघाला. "बारके, चिमीला मी घेऊन जातो," तो म्हणाला. "आजच. कपडे भर तिचे."

"खरंच?" बारकीचे डोळे भरून आले. "वहिनी हो म्हणाली?"

"ते... होईल सगळं."

बारकीने त्याचा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला. तिची खरबरीत बोटं त्याच्या तळव्याला लागली. "मला माहीत होतं. यांना म्हटलं होतं मी, दादा नाही म्हणायचा नाही." चिमीने उठून दप्तर पोटाशी धरलं. मायलेकींचे चेहरे असे उजळले की टापटीपलाही हायसं वाटलं. बायकोला काय ते सांगता येईल. पोर चांगल्या हवेत राहील, बरी होईल. लाल अक्षरांचं काय, तो विषय आपोआप मागे पडेल. काही गोष्टी बोलून दाखवल्याच पाहिजेत असं थोडंच आहे? भांडाराची फरशी झाडून झाल्यासारखं त्याला वाटू लागलं होतं.

"मग हे काम शेजारणीच्या धाकटीला देते," बारकी कपडे काढता काढता म्हणाली. "कधीची मागे लागलीय. तिची आई भिते, त्यांचा मोठा मुलगा फार आजारी पडला ना. पण मी तिला सांगितलंय, दादाच्या अक्षराचा माल वेगळा. त्याला भ्यायचं कारण नाही." आणि तिने दारातून हाक मारलीसुद्धा. "ये गं! बघून घे कसं करायचं ते!"

एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. चिमीहूनही लहान. तिने आधी खाऊच्या पुड्यांकडे बघितलं, मग तव्याकडे, मग चिमट्याकडे. चिमीने मोठ्या ताईच्या थाटात चिमटा तिच्यापुढे धरला.

टापटीपने नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी काही नाही. बस सुटायला वेळ होता, पिशवी भरत आली होती. बहिणीच्या घरून तो देव होऊन परत गेला असता. ते धाकटं पोर कोण, कुणाचं, त्याला पुन्हा दिसायचंही नव्हतं. नजरेआड झालेल्या वस्तूंचा त्याने आजवर कधी विचार केला नव्हता, तसाच याही वेळी केला नसता तर कुणाला कळलं असतं?

"नको," तो म्हणाला. "तिला नको देऊ."

"का रे?"

"चिमे, तो चिमटा खाली ठेव. बारके..." तो म्हणाला. "मी काही तपासत नव्हतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही. हे आणि बाहेरचं, सगळं एकच. तेच शिसं, तीच घाण. मी आतून एकही उघडून बघितलं नाही कधी."

बारकीला ते कळायला वेळ लागला. ती हसूनच म्हणाली, "मग नावं कशाला लिहिलीस?"

"गंमत म्हणून." हा शब्द कुठेतरी तुटून पडावा असं त्याला वाटलं, पण तो सबंध बाहेर पडला. "कोणता कुठला ते ओळखायला. आणि गंमत म्हणून. कचेरीत सगळे हसायचे."

"आणि मग इकडे पाठवायचास?"

"मला माहीत नव्हतं. जाकीटवाला म्हणाला, मशीनमध्ये जातं. मी हो म्हटलं. बघायला गेलोच नाही."

"आम्हाला त्याच्याकडे लावलंस तेव्हा तरी विचारलं असशील."

"नाही."

चिमीचा हात रडूबाईच्या पाठीवर होता. तिने तो हळूच काढून घेतला आणि फ्रॉकला पुसला, पुन्हा पुन्हा पुसला. "मामा, म्हणजे खोकला याचाच आहे?"

"असेल," टापटीप म्हणाला.

"असेल की आहे?" हे बारकीने विचारलं.

"आहे, बारके. तुमच्याकडून काही चुकलं नाही. याचाच आहे."

बारकीने आरडाओरडा करावा, शिव्या द्याव्यात, धरून बाहेर काढावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. तिने तसलं काही केलं नाही. शेजारणीच्या धाकटीच्या हातावर मूठभर खाऊ ठेवला, तिला "घरी जा गं बाई" म्हणून दाराबाहेर पोचवलं. मग शेगडी बंद केली. तव्यावरची पाटी गार होताना टिकटिक आवाज करत होती.

"वहिनी हो म्हणाली नाही ना?" ती म्हणाली.

"नाही."

"मग तू कशाला आला होतास?"

इतकं उघडं पडल्यावर आता झाकायचं तरी काय राहिलं होतं? "नाही म्हणायला," टापटीप म्हणाला. "खाऊ घेऊन, नाही म्हणायला आलो होतो."

बारकीने मान हलवली. तिला नवल वाटलं नाही, आणि तेच त्याला सगळ्यांत जास्त लागलं. एका कपभर चहात तिला भावाकडून काय काय अपेक्षा करायची नाही ते कळून चुकलं होतं.

"आता नेशील?"

"नेईन. तुझ्या वहिनीला पटो न पटो. नेईन."

"ने मग," ती म्हणाली. "पण एक ऐकून ठेव. तुझ्यावर भरवसा आहे म्हणून पाठवत नाही. इथे ठेवता येत नाही म्हणून पाठवते. तिथे तिच्या तोंडात काय जातं, ते मी रोज फोन करून तिलाच विचारीन. तुला नाही."

"बरं."

"डॉक्टरलाही सांग, खोकला कशाचा ते. लाजून गप्प बसू नकोस."

"सांगेन."

तिने पिशवीचा बंद आवळला आणि ती चिमीच्या हातात दिली. मग पदर खोचावा तशी बाही वर सारली आणि ओळीतलं शेवटचं खोकं धरून ओढायला लागली. मोठे साहेब. फरशीवर खरखर आवाज झाला.

"राहू दे," टापटीप म्हणाला. "मी हे सगळं परत घेऊन जातो. एकूण एक."

"कुठे?"

कचेरीत? तिथली फरशी पुढच्या मालासाठी झाडून तयार होती. दुसरा कुणी माणूस? त्याला एकच माणूस ठाऊक होता. जाकीटवाल्याला बोलावलं तर तो तासाभरात ट्रक घेऊन आला असता, "काळजी सोडा साहेब" म्हणाला असता, सगळं भरलं असतं आणि याच गल्लीत, चार दारं पुढे, उतरवलं असतं. दारात ठेवलेलं ते बॅटऱ्यांचं खोकंही त्याच ट्रकमधून जात होतं.

बारकीने मोठे साहेब उचलून पोटाशी घेतले. खोक्याच्या कडेची काळी मेणचट धूळ तिच्या हातांवर आली. टापटीप पुढे सरसावला.

"तू नको, दादा," ती म्हणाली. "कपडे खराब होतील."

टोमणा नव्हता त्यात. लहानपणी चिखलातून जाताना ती याच आवाजात म्हणायची, तू थांब, मी घेते. तिने खरोखरच त्याचे पांढरेशुभ्र कपडे बघितले होते. आणि टापटीप, इतक्या वर्षांच्या सवयीने, एक पाऊल मागे सरला.

जड होतं ते. बारकीचा तोल गेला, तशी चिमीने पिशवी खाली टाकली आणि पुढे होऊन दुसरी बाजू धरली. धरता धरता तिला खोकला आला.

"चिमे, सोड. सोड म्हणतो ना!" टापटीप ओरडला आणि तिला बाजूला करून त्याने खोकं धरलं. ते त्याच्या छातीशी घासलं, सदऱ्यावर काळा पट्टा उमटला. दोघं एकेक पाऊल टाकत, आडवं-तिरकं करत, मोठ्या साहेबांना आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणि बाहेरच्या खोलीतून दारापर्यंत घेऊन आले.

उंबरठ्यावर दोघंही थांबले. उजवीकडे शेजारणीचं दार होतं, डावीकडे पंप, समोर गटार, आणि शेजारणीची धाकटी तोंडात खाऊ भरून त्यांच्याकडे बघत होती. खोकं दोघांच्या हातात होतं, आणि ते कुठे ठेवायचं हे दोघांनाही सुचत नव्हतं.